नोकरी गेली, खोपा सापडला

सीव्ही बघून माणूस निवडायचा म्हटलं, तर हा उमेदवार पहिल्याच फेरीत बाद झाला असता. झालाही. सेंट झेवियर्समध्ये पहिल्या वर्षाला असतानाच कॉलेज सोडलं. ब्रह्मदेशात तवॉयला जाऊन घरच्यांचा वुल्फ्रॅमच्या खाणीचा आणि लाकडाचा धंदा बघितला, त्यात काही जम बसला नाही. १९१७मध्ये मुंबईत परत. मग कॉमर्सचा कोर्स, जोडीला झेवियर्समध्येच फादर ब्लाटर यांच्या हाताखाली प्राणिशास्त्र. पण युनिव्हर्सिटीची डिग्री नावापुढे लागली नाही ती नाहीच. पुढे झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात पक्षितज्ज्ञाच्या जागेसाठी प्रयत्न केला, तेव्हा नेमकी तीच आडवी आली.

या उमेदवाराचं नाव सलीम अली.

'बर्डमॅन ऑफ इंडिया' हे तुम्ही एमपीएससीच्या गाइडमध्ये वाचलंच असेल. जन्म १८९६, मुंबई. भावंडांत सगळ्यात धाकटे. तीन वर्षांचे व्हायच्या आसपास आई आणि वडील दोघंही गेलेले, म्हणून खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजींकडे वाढले. एअरगनने पाडलेल्या चिमणीचा किस्साही ठाऊक असेल: चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, मामांनी पोराला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं, तिथल्या मिलर्ड साहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली आणि पोरगा कायमचा नादाला लागला. हा किस्सा सगळे सांगतात. मला मात्र त्यांच्या आयुष्यातलं १९३० हे वर्ष जास्त महत्त्वाचं वाटतं. ते फारसं कुणी सांगत नाही.

झालं असं, की १९२६मध्ये त्यांना एकदाची नोकरी लागली होती. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, गाइड लेक्चरर. पगार महिना ३५० रुपये. दोन वर्षांनी त्यांनी अभ्यासाची रजा घेतली आणि बर्लिन गाठलं. तिथे एर्विन श्ट्रेझेमान या मोठ्या पक्षितज्ज्ञाकडे शिकले. १९३०मध्ये परत येऊन बघतात तर जागाच रद्द! म्युझियमकडे पैसे नव्हते. वय तेहतीस, लग्न झालेलं, हातात डिग्री नाही आणि मुंबईत राहायचं तर भाडं परवडत नाही. मग ते पत्नी तहमिनाबरोबर अलिबागजवळ किहीमला राहायला गेले.

पावसाळा लागला. जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. वेळ तर भरपूर होता. सलीम अली रोज जाऊन ती बघत बसले.

इथे जरा थांबा आणि सुगरण म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं ते आठवा. शाळेतली बहिणाबाईंची कविता आठवली असणार. पिल्लांसाठी घर विणणारी आई. आपल्या भाषेत शब्दही स्त्रीलिंगीच. पण खोपा विणतो तो नर! डोकं पिवळंधमक झालेला, पंख फडफडवत खोप्याला उलटा लटकून गोंगाट करणारा नर. पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडायची, टोक पकडायचं आणि उडायचं, की लांब पट्टी फाटून येते. भातशेतीजवळ राहणाऱ्यांना हे दृश्य नवीन नाही. अशा शेकडो फेऱ्या होतात. पक्ष्याचे पुढचे पाय पंख झालेत, म्हणजे हात संपले. दात नाहीत, त्यामुळे डोकं हलकं आणि उडायला सोपं. मग उरते ती चोच. दाणे फोडायला घडलेली ती जाड, आखूड चोच सुईसारखी चालवायची आणि गाठी मारायच्या, हे काम किती अवघड आहे बघा.

सलीम अलींनी टिपलं ते यापुढचं. नर खोपा पुरा करतच नाही. हेल्मेटच्या आकाराचा झाला की थांबतो. मग माद्यांचं टोळकं येतं आणि सरळ इन्स्पेक्शन सुरू होतं. आत शिरून ओढून-ताणून बघतात. नापसंत पडला तर निघून जातात. एखादीला पसंत पडला, की ती मुक्काम ठोकते आणि त्यानंतरच नर अंड्यांची खोली आणि खाली लोंबणारी नळी विणून काम पुरं करतो. मादी अंड्यांवर बसते. आणि हा पठ्ठ्या? जवळच दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. जमलं तर तिसरा. एका नराचं एकापाठोपाठ एक असे संसार, हा क्रम त्यांनी १९३१मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये मांडला आणि पक्षिअभ्यासकांमध्ये त्यांचं नाव झालं. सुगरण खोप्यात चिखल लावते आणि उजेडासाठी त्यात काजवा खोचते, अशी गोष्ट आपल्याकडे सांगतात. चिखल खरा आहे, काजवा नाही.

यात एवढं विशेष काय, असं वाटेल. विशेष आहे, कारण बहुतेक पक्षी असं करत नाहीत. सस्तन प्राण्यांशी तुलना करा. वाघीण, हत्तीण, घरातली मांजर, सगळीकडे पिल्लू आईच्या पोटात वाढतं आणि मग आईच्याच दुधावर जगतं. बापाला करण्यासारखं फार नसतं. बहुतेक सस्तनांमध्ये तो निघूनच जातो. पक्ष्यांचं अंडं मात्र शरीराबाहेर. ते बापही उबवू शकतो आणि अळी काय, दोघांनाही आणता येते. म्हणून बहुतेक पक्ष्यांमध्ये जोडी मिळून पिल्लं वाढवते. पक्षी असूनही सुगरण नर सटकतो कसा? १९६०च्या दशकात जॉन क्रूक या अभ्यासकाने सुगरणीच्या भाईबंदांची तुलना करून याचा माग काढला. जंगलातल्या किडेखाऊ जातींना अन्न विखुरलेलं मिळतं, तिथे दोघांनी राबावं लागतं, म्हणून जोड्या टिकतात. उघड्या माळावरच्या दाणेखाऊ जातींना एकाच जागी भरपूर मिळतं. तिथे मादी एकटी निभावून नेते आणि नर पुढच्या खोप्याकडे वळतो.

किहीमनंतर सलीम अलींनी पुन्हा कधी नोकरीच्या मागे लागल्याचं दिसत नाही. हैदराबाद, त्रावणकोर अशा संस्थानांचे पक्षी मोजत फिरले. तहमिना सोबत असायची. १९३९मध्ये एका साध्या ऑपरेशननंतर ती गेली. दोन वर्षांनी 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' आलं. पक्षी बघायला निघालेल्या कित्येकांच्या पिशवीत ते अजून असतं. १९५०मध्ये स्वीडनला पक्षितज्ज्ञांची परिषद होती, तर आपली सनबीम मोटारसायकल बोटीवर चढवून युरोपात नेली आणि तिच्यावरूनच उप्सालाला पोचले. वाटेत पडले, लागलं. हा गडी भारतातून थेट बाइकवर आला, अशी वावडी तिथे उठली. वय तेव्हा त्रेपन्न! मला आवडलेला हा त्यांचा सगळ्यात भारी किस्सा.

पद्मविभूषण, राज्यसभा, सायलेंट व्हॅली हे सगळं पुढचं. ते गुगल करा. गुगलवर सहसा न दिसणारी एक गोष्ट मात्र सांगते. १९४८मध्ये तामिळनाडूतल्या हाय वेव्ही डोंगरात एक वटवाघूळ पकडलं गेलं आणि नेहमीच्याच एका जातीचं लेबल लावून सोसायटीच्या संग्रहात ठेवलं गेलं. चोवीस वर्षं ते तसंच पडून होतं. मग कित्ती थोंगलोंग्या या थायलंडच्या प्राणितज्ज्ञाने ते तपासलं आणि १९७२मध्ये जाहीर केलं, की ही निव्वळ नवी जात नाही, तर प्रजातीच नवी आहे. त्यांनी जातीला नाव दिलं सलीम अलींचं. म्हणजे आयुष्यभर पक्ष्यांमागे फिरलेल्या माणसाचं नाव उडणाऱ्या सस्तन प्राण्याला! त्याला पिसं नाहीत, केस आहेत. पंख म्हणजे लांबलेल्या बोटांमध्ये ताणलेली कातडी. अंडी घालत नाही, पिल्लाला दूध पाजतं. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातल्या मोजक्याच जागी ते आजवर सापडलंय.