श्रीमती दुर्गाबाई खोटे

घरंदाज स्त्रीने तोंडाला रंग लावणे म्हणजे कुळास बट्टा, अशी समजूत ज्या काळी दृढ होती, त्या काळी दुर्गाबाईंनी अभिनयाचा व्यवसाय पत्करला आणि त्यास प्रतिष्ठा मिळवून दिली.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत लाड घराण्यात झाला. वडील पांडुरंगराव हे सॉलिसिटर होते. दुर्गाबाईंचे शिक्षण कॅथेड्रल शाळेत व सेंट झेवियर कॉलेजात झाले. पुढे श्रीमंत खोटे घराण्यात त्यांचा विवाह झाला. परंतु ते वैभव टिकले नाही. तरुणपणीच वैधव्य आले, आणि बकुल व हरीन या दोन मुलांच्या संगोपनाचा भार त्यांच्यावर पडला.

१९३१ साली 'फरेबी जाल' या चित्रपटात त्यांनी लहानशी भूमिका केली. चित्रपट हिणकस निघाला व लोकनिंदा मात्र पदरी आली. दुसरी एखादी स्त्री तेथेच थांबली असती. दुर्गाबाई थांबल्या नाहीत. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट प्रसिद्ध झाला. त्यात त्या तारामती झाल्या. पार्श्वगायनाची सोय त्या वेळी नसल्याने गीतेही त्यांनी स्वतःच गाइली. राज्यास मुकलेली, तरी सत्यास न सोडणारी ती राणी पाहून महाराष्ट्राने त्यांना मानाचे स्थान दिले. १९३६ च्या 'अमरज्योती'त अन्यायाविरुद्ध उठलेली सौदामिनी त्यांनी तितक्याच तेजाने उभी केली. १९३७ साली त्यांनी 'साथी' हा चित्रपट स्वतः निर्माण व दिग्दर्शित केला.

रंगभूमीचीही त्यांनी निष्ठेने सेवा केली. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत त्यांनी कामे केली. 'मॅकबेथ'वरून शिरवाडकरांनी रचलेल्या 'राजमुकुट' नाटकातील त्यांची राणी रसिकांच्या स्मरणात राहिली. १९६० च्या 'मुघल-ए-आझम'मध्ये पती आणि पुत्र यांच्या कलहात सापडलेली जोधाबाई त्यांनीच रंगविली. हरीन यांचा अकाली मृत्यू त्यांना पाहावा लागला, तरीही त्यांचे काम चालूच राहिले.

१९६८ साली पद्मश्री व १९८३ साली दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्रही त्यांनी लिहिले. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

विद्यार्थिनींनो, आपत्काळी घेतलेली विद्या व अंगचे गुण हेच खरे स्त्रीधन होय. पालकांनीही लक्षात ठेवावे की, मुलीने प्रामाणिक कष्टाने मिळविलेली भाकरी घराण्यास कमीपणा आणीत नाही; घराण्याचे नाव पुढे चालते ते तिच्याच कर्तृत्वाने.