धीराचे फलंदाज विजय हजारे

सांगली जिल्ह्यातील आटपाडीचा मुलूख हा माणदेशाचा भाग होय. येथे पाऊस बेताचाच. उन्हाळ्यात माणगंगेचे पात्र कोरडे पडते आणि त्या मोकळ्या वाळवंटात मुलांचा क्रिकेटचा डाव रंगतो. चेंडू दूर टोलवणाऱ्या गड्याचे कौतुक सारेच करतात. पण सोबती एकामागून एक बाद होत असता जो पाय रोवून उभा राहतो, त्याची थोरवी थोड्यांनाच कळते. असा एक थोर खेळाडू याच जिल्ह्याने भारताला दिला. त्याचे नाव विजय हजारे.

विजय हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे झाला. वडील शाळेत शिक्षक होते. घरात आठ भावंडे, त्यामुळे संपत्ती बेताची. परंतु शिस्त आणि कष्टाळूपणा यांची उणीव नव्हती. विजय अबोल व लाजाळू होते. जे सांगायचे ते त्यांनी आयुष्यभर बॅटनेच सांगितले. ऑस्ट्रेलियाचे नामांकित फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांच्याकडून त्यांना खेळाचे धडे मिळाले. खेळपट्टीवर उभे राहण्याची त्यांची ढब काहीशी चमत्कारिक होती. बॅट दोन्ही पायांच्या पॅडांमध्ये धरून ते किंचित वाकून उभे राहत. पाहणाऱ्यास ती बेढब वाटे. पण एकदा त्यांचा जम बसला, की गोलंदाजांना घाम फुटे. १९३९-४० च्या हंगामात महाराष्ट्राकडून खेळताना त्यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यात त्रिशतक करणारे ते पहिले भारतीय होत.

डिसेंबर १९४३ मध्ये मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना झाला. त्या काळी या स्पर्धेतील संघ धर्मावरून पाडलेले असत. हजारे ख्रिस्ती असल्याने ‘इतर’ या संघात होते. विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धावांच्या बळावर हिंदू संघाने ५८१ धावांचा डोंगर उभा केला. इतर संघाचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला आणि त्यांच्यावर फॉलोऑनची पाळी आली. दुसऱ्या डावात हजारे उभे राहिले. त्यांचा धाकटा भाऊ विवेक तासन्‌तास दुसरे टोक सांभाळीत राहिला. दोघा भावांनी मिळून ३०० धावांची भागी केली. तीत विवेकचा वाटा अवघा २१ धावांचा होता. संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय यांच्या होत्या. तरीही सामना हातचा गेला.

पुढे ते बडोद्याकडून खेळू लागले. मार्च १९४७ मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बडोद्याचे तीन गडी ९१ धावांत बाद झाले होते. तेव्हा हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. हा जागतिक विक्रम २००६ पर्यंत अबाधित राहिला.

जानेवारी १९४८ मध्ये अॅडलेड येथे भारताची गाठ डॉन ब्रॅडमन यांच्या बलाढ्य ऑस्ट्रेलियन संघाशी पडली. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा केल्या होत्या. भारताचे पाच गडी १३३ धावांवर तंबूत परतले असता कोल्हापूरचे दत्तू फडकर हजारे यांच्या साथीस आले. कृष्णाकाठचा आणि पंचगंगाकाठचा असे दोन वीर परक्या मुलखात खांद्याला खांदा लावून लढले व दोघांनीही शतके झळकावली. दुसऱ्या डावात लिंडवॉलच्या भेदक माऱ्यापुढे भारताचे सहा खेळाडू शून्यावर बाद झाले. हजारे मात्र १४५ धावा करून गेले. पहिल्या डावातील ११६ धरून, एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके काढणारे ते पहिले भारतीय ठरले. हाही सामना भारताने गमावला.

१९५१ मध्ये त्यांच्याकडे भारताचे कर्णधारपद आले. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे भारताने इंग्लंडला एक डाव आणि ८ धावांनी नमवले. १९३२ पासून कसोटी खेळणाऱ्या भारताचा हा पहिलाच विजय होता. गंमत अशी, की त्या दिवशी पराक्रम गाजवला तो विनू मांकड, पंकज रॉय आणि पॉली उमरीगर यांनी. कर्णधाराच्या धावा थोड्याच होत्या. पण विजयाचे समाधान थोडे नव्हते.

तीनच महिन्यांनी संघ इंग्लंडला गेला. लीड्स येथे दुसऱ्या डावात ट्रूमन या तरुण गोलंदाजाने कहर केला. धावफलकावर शून्य आणि चार गडी बाद! पाचवा गडी २६ धावांवर गेला. तेव्हा पुन्हा हजारे आणि फडकर एकत्र आले आणि १०५ धावांची भागी करून त्यांनी संघाची लाज राखली. त्या दौऱ्यात भारताला एकही कसोटी जिंकता आली नाही. कर्णधारपदाच्या ओझ्याने हजारे यांची फलंदाजी दबली, असे अनेक जाणकार मानतात. ते ओझे त्यांनी कुरकुर न करता वाहिले.

१९५३ नंतर ते कसोटी क्रिकेटमधून बाहेर पडले. ३० कसोटींत ७ शतकांसह त्यांच्या २१९२ धावा झाल्या होत्या. निवड समितीचे सदस्य म्हणून पुढील पिढीचे गुण पारखण्याचे कामही त्यांनी केले. १९६० मध्ये भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरवले. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यात त्यांचे निधन झाले. भारतातील राज्य संघांची एकदिवसीय स्पर्धा आता ‘विजय हजारे करंडक’ या नावाने खेळली जाते.

हजारे यांच्या थोर खेळींपैकी कित्येक हरलेल्या सामन्यांतील आहेत. जय दिसत असता खेळण्याचा उत्साह कोणालाही येतो. पराभव समोर ठाकला असताही आपला वाटा प्रामाणिकपणे उचलणे, हे मात्र धीराचे काम आहे. पावसाने दगा दिला तरी पुढच्या मृगात पुन्हा पाभर धरणाऱ्या माणदेशी शेतकऱ्याला हा धीर परका नाही. विजय हजारे यांनी तो क्रिकेटच्या मैदानावर जगाला दाखवला.