गाडगेबाबा आणि अँटिऑक्सिडंटची गोळी

आपल्या मार्कशीटवर युनिव्हर्सिटीच्या नावात गाडगेबाबा असतात, पण खराट्यापलीकडे आपल्याला ते फारसे माहीत नसतात. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे त्यांचं चरित्र यंदाच वाचलं.

डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचं मूळ नाव. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. वडील दारूपायी लवकर गेले. मग आई डेबूला घेऊन अकोला जिल्ह्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली. तिथे त्याने गुरं राखली, मामाच्या शेतात राबला. १ फेब्रुवारी १९०५ ला घर सोडलं. अंगावर चिंध्या, सोबत फुटकं गाडगं आणि खराटा! गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे, मागून आणलेली भाकरी खायची आणि रात्री वऱ्हाडी बोलीत कीर्तन करायचं. दारू सोडा, सणवारासाठी कर्ज काढू नका, पोरांना शिकवा, एवढंच त्यांचं सांगणं. लोकांनी दिलेल्या पैशांतून ऋणमोचनचा घाट झाला, पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा झाल्या. स्वतःसाठी काहीच नाही. ऐंशी वर्षं उलटली तरी त्यांचं फिरणं चालूच होतं. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीपाशी त्यांनी देह ठेवला.

योगायोग बघा, त्याच १९५६ साली अमेरिकेत डेनहॅम हारमन यांनी फ्री रॅडिकल्समुळे म्हातारपण येतं, ही थिअरी मांडली. लोखंड गंजतं तसं शरीरही ‘गंजतं’, मग अँटिऑक्सिडंट घेतलं की झालं! आपल्या हॉस्टेलच्या कपाटांतल्या आणि सुट्टीत आजी-आजोबांसाठी नेल्या जाणाऱ्या महागड्या बाटल्या याच कल्पनेवर खपतात.

पण टेस्टिंगमध्ये ही कल्पना टिकली नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. १९९४ च्या निकालात बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. २०१२ मध्ये ७८ प्रयोग एकत्र तपासले, सुमारे तीन लाख माणसं. गोळ्यांनी आयुष्य वाढलं नाही, उलट बीटा-कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ई ने मृत्यू किंचित वाढल्याचं दिसलं. कारण थोडे फ्री रॅडिकल्स शरीराला सिग्नल म्हणून लागतात. २००९ च्या जर्मनीतल्या एका प्रयोगात तर व्हिटॅमिन सी आणि ई च्या गोळ्यांनी व्यायामाचा इन्शुलिनसाठी होणारा फायदाच अडवला.

बाबा भाकरी खाऊन ऐंशी वर्षं जगले हा काही पुरावा नाही, एका माणसावरून सिद्धांत होत नसतो. पण दारू नको, घाण नको, अंगमेहनत हवी, उगाच खर्च नको, ही त्यांची यादी आजचा कुठलाही डॉक्टर मान्य करील. तपासणीत कमतरता निघाली किंवा डोळ्यांच्या काही आजारांत डॉक्टरांनी लिहून दिली, तर गोळी जरूर घ्यावी. नाहीतर मित्रांनो, त्या पैशांत वरुड-मोर्शीची संत्री घ्या आणि आजोबांसोबत रोज एक चक्कर मारा. बाबांच्या नावाची डिग्री घेणाऱ्यांनी एवढं तरी करायलाच हवं!