बाळंतपणाच्या रजेचे पैसे कोणी द्यायचे? बाबासाहेबांनी १९२८ मध्येच काय सांगितलं होतं?

बाळंतपणाच्या भरपगारी रजेचा विषय निघाला की आपण कंपनीकडे बघतो. पण हा भार सरकारनेही उचलावा, असं डॉ. बाबासाहेब आंबेडकर जवळपास शंभर वर्षांपूर्वी सभागृहात सांगत होते.

१८९१ मध्ये जन्मलेले बाबासाहेब आईवडिलांचं चौदावं अपत्य. त्यांची स्वतःची चार मुलं लहानपणीच गेली. धाकटा राजरत्न १९२६ मध्ये दगावला. पुढच्याच वर्षी ते मुंबई कायदेमंडळात आले.

जुलै १९२८ मध्ये कारखान्यांतल्या स्त्रियांसाठी प्रसूती भत्त्याचं विधेयक चर्चेला आलं. बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळण्यात देशाचंच हित आहे, म्हणून खर्चाचा मोठा वाटा सरकारचा, हा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये कायदा झाला, पण पैसे मालकानेच द्यायचे ठरले.

१९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला.

फेब्रुवारी १९४१ मध्ये ते आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. पुढच्या वर्षी केंद्रात मजूर खातं त्यांच्याकडे आलं. १९४३ मध्ये त्यांनी खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात दुरुस्ती आणली.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. १९६१ च्या देशव्यापी कायद्यानेही खर्च मालकावरच टाकला. त्यांनी सरकारपुढे ठेवलेला प्रश्न अजून तिथेच आहे.