डावा डोळा

स्मरणिकेसाठी आपल्या पिढीवर छाप पाडणाऱ्या व्यक्तीवर लेख द्या, असा निरोप आपल्या ग्रुपवर आला आणि दोन दिवसांत मोठी नावं संपली. बॅरिस्टर नाथ पै कुणीतरी घेतले, मच्छिंद्र कांबळी घेतले, अब्दुल कलामांसाठी तर तिघांनी हात वर केले. मी ललिता पवार असं कळवलं, तेव्हा खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एकाने नुसतं मंथरा एवढंच लिहून पाठवलं. बरोबरच आहे. आपल्या बॅचने ललिताबाईंना पाहिलं ते मंथरा म्हणूनच.

१९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं तेव्हा आपण पहिलीत होतो. आमच्या वाडीत एकच टीव्ही, ब्लॅक अँड व्हाइट. रविवारी सकाळी त्या घराची ओटी भरायची आणि उरलेले लोक खळ्यात उभे राहून खिडकीतून बघायचे. कैकेयीच्या कानाशी लागणारी ती कुबडी म्हातारी पडद्यावर आली की बायका कडाकडा बोटं मोडायच्या. आता गंमत अशी, की ही सगळी माणसं दशावतार बघत म्हातारी झालेली. रात्री धयकाल्यात राजा झालेला माणूस सकाळी बाजारात उसळ-पाव खाताना दिसतो, सोंग वेगळं आणि माणूस वेगळा, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. तरीही मंथरेचं काम करणारी कुणी नटी असेल, तिला घरदार असेल, हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. त्या बाईचा तो अर्धवट मिटलेला डावा डोळाच तिच्या दुष्टपणाचा पुरावा होता. मीसुद्धा कितीतरी वर्षं समजत होते की असा डोळा बारीक करणं हा तिचा अभिनय आहे.

ललिताबाईंचं जन्मनाव अंबा. येवल्याच्या लक्ष्मणराव सगुण यांची ही मुलगी, जन्म १८ एप्रिल १९१६. वडील रेशमी आणि सुती कापडाचे व्यापारी, घर खाऊनपिऊन सुखी. सिनेमा मुका होता तेव्हाच, लहान वयात, ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. पुढे 'कैलास' या १९३२ च्या मूकपटात तिने काम केलं आणि त्याच्या निर्मितीतही तिचा वाटा होता. वय वर्षं १६! त्या वयात आपण अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत उभे होतो. बोलपट आले तेव्हा पुष्कळ मूकपट नट-नट्या मागे पडल्या. ललिताबाई मागे पडल्या नाहीत, कारण त्यांना गाता येत होतं. त्या नायिका होत्या, हे आज सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. पवार हे आडनाव पहिल्या लग्नाचं. पुढे त्यांनी अंबिका स्टुडिओचे निर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी संसार केला, पण पडद्यावरचं नाव तेच राहिलं.

आपल्या जिल्ह्याशी त्यांचा एक धागा आहे आणि तो मला फार उशिरा सापडला. १९४१ साली नवयुग चित्रपट संस्थेने मास्टर विनायकांच्या दिग्दर्शनाखाली 'अमृत' काढला. त्याचे लेखक वि. स. खांडेकर, म्हणजे १९२० पासून अठरा वर्षं आपल्या शिरोड्याच्या शाळेत शिकवणारे खांडेकर मास्तर. त्या चित्रपटात ललिता पवार यांची महत्त्वाची भूमिका होती. भालजी पेंढारकरांचा 'नेताजी पालकर' त्यांनी त्याआधीच केला होता. पंचविशीत असलेल्या, मराठी आणि हिंदी दोन्हीकडे काम असलेल्या या नटीचा रस्ता सरळ होता.

पुढच्याच वर्षी, १९४२ साली, 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाचं चित्रीकरण चालू होतं. प्रसंगात भगवान पालव यांनी त्यांच्या थोबाडीत मारायची होती. (पालव हे आडनाव कानावर पडलं की आपल्याकडचा माणूस आधी वाडी विचारतो. पण ते असो. हे तेच पुढे 'अलबेला'वाले भगवानदादा.) ती थोबाडीत इतक्या जोरात बसली की डाव्या डोळ्याची रक्तवाहिनी फुटली आणि चेहऱ्याला लकवा झाला. पुढची काही वर्षं उपचारांत गेली. चेहरा बराचसा सावरला, डोळा मात्र कायमचा लहान राहिला. त्या तेव्हा २६ वर्षांच्या होत्या. नायिकेची कामं गेली ती गेलीच.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी एका ठरलेल्या चालीवर सांगतात. ती थोबाडीत बसली नसती तर हिंदी सिनेमाला एवढी मोठी खलनायिका मिळाली नसती, झालं ते भल्यासाठीच झालं, अशी. मला ही चाल पटत नाही. आमच्या क्षेत्रात एखादा दोष दुरुस्त होईना की तीच सोय आहे असं सांगून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतात, त्यातलाच हा प्रकार. कामाच्या जागी एका बाईला जबर इजा झाली आणि तिचं चाललेलं काम हातातून गेलं, हे आधी नीट म्हणायला हवं. त्यानंतर तिने जे केलं ते तिचं कर्तृत्व. ते त्या थोबाडीच्या खात्यात जमा करायचं कारण नाही.

मला हे इतकं का लागतं, तेही सांगून टाकते. २०१९ च्या पावसाळ्यात एका सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप बाहेर आलं. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा हलत नव्हता. डॉक्टरांनी त्याला बेल्स पाल्सी म्हणतात असं सांगितलं. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस सुजते आणि त्या बाजूचा चेहरा काही काळ झोपी जातो. डावा डोळा मिटत नव्हता. दिवसा त्यात थेंब घालायचे आणि रात्री पापणीवर पट्टी लावून झोपायचं. ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये मी कॅमेरा बंद ठेवायला लागले. गिऱ्हाइकांसमोरचं माझं सादरीकरण दुसऱ्याकडे गेलं, अर्थातच माझी काळजी म्हणून. चार महिन्यांत बरंचसं ठीक झालं. हसताना डावा डोळा अजून थोडा जास्त मिटतो, संमेलनाच्या फोटोत बघा हवं तर. त्या चार महिन्यांत घरी बसून मी ललिताबाईंचे जुने चित्रपट पाहिले. आधी नुसता तो डोळा बघायला म्हणून पाहिले. मग बाकीचं दिसायला लागलं.

पहिली गोष्ट दिसली ती अशी, की त्या थांबल्या नाहीत. १९४४ साली प्रभातचा 'रामशास्त्री' आला, त्यात त्या आनंदीबाई. म्हणजे दुखणं पुरतं मागे पडलं नसेल तोच 'ध'चा 'मा' करणारी बाई त्यांनी उभी केली. १९५० साली शांतारामबापूंचा 'दहेज' आला आणि सासू म्हणजे ललिता पवार हे समीकरण पक्कं झालं. तिशी ओलांडून चारच वर्षं झाली होती त्यांना. वयाने फारशा लहान नसलेल्या नट-नट्यांच्या त्या आई झाल्या, आत्या झाल्या, सासू झाल्या. सिनेमात बाईचं वय भराभर वाढतं. त्यांचं तर दोन-चार वर्षांतच वीस वर्षांनी वाढलं.

पण एकाच छापाची कामं त्या एकाच छापाने करत नव्हत्या. गुरुदत्तच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५' मध्ये त्या मधुबालाची आत्या आहेत, पुरुषांविरुद्ध भाषणं ठोकणारी, घटस्फोटाच्या कायद्यासाठी झटणारी. त्याच वर्षी, १९५५ साली, 'श्री ४२०' मध्ये त्या केळी विकणारी गंगामाई आहेत, रस्त्यावर राहणाऱ्यांची आई. एकीकडे इस्त्रीची साडी आणि ताठ मान, दुसरीकडे टोपली आणि शिव्याशापांतून ओसंडणारी माया. डोळा तोच. आत्याबाईंचा डोळा समोरच्यावर संशय घेतो आणि गंगामाईचा डोळा हसून बारीक झाल्यासारखा दिसतो. मी दोन्ही प्रसंग पुढे-मागे करून पुन्हापुन्हा पाहिले. बाकीचा चेहरा काय करतो यावर त्या डोळ्याचा अर्थ ठरतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. अर्धा चेहरा बिनकामाचा असताना उरलेल्या अर्ध्याला किती राबावं लागतं, हे मला एव्हाना अनुभवाने माहीत झालं होतं.

'अनाडी' १९५९ चा. हृषीकेश मुखर्जींच्या या चित्रपटात त्या घरमालकीण मिसेस डिसा आहेत. राज कपूर त्यांचा भाडेकरू. तोंडाने सतत तोफ आणि आतून लोणी. आपल्या मालवण-वेंगुर्ल्यातल्या ख्रिस्ती घरांत अशी एकतरी आंटी आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. बोरं चोरली म्हणून ओरडणारी आणि नाताळात ताट भरून नेवऱ्या पाठवणारी. येवल्याच्या बाईला ही आंटी कुठे भेटली असेल कोण जाणे, पण ती अस्सल आहे. पुढे ही मिसेस डिसा भेसळीच्या औषधाने मरते आणि चित्रपटाचा सगळा रंगच बदलतो, खुनाचा आळ येतो तो त्या भाबड्या भाडेकरूवर. या कामासाठी ललिताबाईंना फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. दोन वर्षांनी, १९६१ मध्ये, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही मिळाला. १९७१ च्या 'आनंद'मध्ये हृषीदांनी त्यांना पुन्हा बोलावलं, रुग्णालयातली मेट्रन म्हणून, आणि आडनाव पुन्हा डिसाच ठेवलं. मला त्यात दिग्दर्शकाचा नमस्कार दिसतो.

'जंगली'तली हसण्यावर बंदी घालणारी आई सगळ्यांना आठवते, म्हणून तिच्याबद्दल लिहीत नाही. लिहायचं आहे ते 'प्रोफेसर'बद्दल, १९६२ चा. त्यात त्या सीतादेवी वर्मा आहेत, भाचीमंडळींना धाकात ठेवणारी कडक पालक. शिकवणीसाठी तरुण मास्तर चालणार नाही म्हणून शम्मी कपूर दाढी लावून म्हातारा प्रोफेसर होऊन येतो. त्याच्या गोड बोलण्याने सीतादेवी विरघळतात आणि प्रेमात पडतात. नटायला लागतात, लाजायला लागतात. थिएटरात लोक हसून लोळले असतील, प्रसंग लिहिलाही आहे हसण्यासाठीच. ललिताबाई तेव्हा ४६ वर्षांच्या होत्या, म्हणजे जवळजवळ आपल्याच वयाच्या. २६ व्या वर्षी ज्यांच्या वाट्याचं पडद्यावरचं प्रेम बंद झालं, त्यांना वीस वर्षांनी ते परत मिळालं, तेही खोट्या दाढीच्या माणसाकडून आणि लोकांना हसवण्यापुरतं. त्या ते अजिबात वेडगळपणे करत नाहीत. सीतादेवीला खरोखर आनंद झालेला आहे, इतका की खोटं उघडं पडणार म्हणून आपल्यालाच धास्ती वाटायला लागते. त्यांच्या सगळ्या कामांतलं हे मला सर्वांत धाडसाचं वाटतं. याला पारितोषिक मिळायला हवं होतं, असं माझं स्वतःचं मत.

आणि एक निरीक्षण, निव्वळ गंमत म्हणून. 'मिस्टर अँड मिसेस ५५' मध्ये त्यांचं नाव सीतादेवी, 'प्रोफेसर'मध्येही सीतादेवी. जन्मभर सीता होऊन शेवटी सीतेला वनवासात धाडणारी म्हणून त्या घराघरांत पोचल्या.

सातशेहून अधिक चित्रपट केले असं त्यांच्याबद्दल सांगतात. ज्या भगवानदादांचा हात त्यांच्या गालावर बसला, त्यांचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं. १९५१ च्या 'अलबेला'ने ते शिखरावर गेले. बंगला, गाड्या सगळं आलं, आणि पुढचे चित्रपट पडले तसं सगळं गेलं. उतारवयात ते दादरच्या चाळीत राहिले आणि गर्दीतल्या दोन मिनिटांच्या भूमिका करत राहिले. २००२ साली गेले. त्यांना या गोष्टीतला खलनायक करायची मला इच्छा नाही. पण कुणाची हानी भरून निघाली आणि कुणाची नाही, याचा हिशेब त्या धंद्यात कधीच सरळ लागला नाही, एवढं दिसतं.

मंथरेचं काम करताना ललिताबाई सत्तरीच्या होत्या. थोबाडीत बसली त्याला ४५ वर्षं झाली होती, म्हणजे आपलं आजचं सगळं आयुष्य. कंबरेत वाकून, पाठीवर कुबड घेऊन, त्या वयात त्यांनी ते काम केलं. मी ते भाग अलीकडे पुन्हा पाहिले. मंथरा ओरडत नाही. ती कैकेयीला समजावते, तिची काळजी करते, जुन्या दाईने करावी तशी. दशरथाच्या त्या भल्यामोठ्या महालात कैकेयीची बाजू घेणारं एकटं माणूस म्हणजे मंथरा, असं त्यांनी मनाशी ठरवून केलं असावं असं वाटतं. आमच्या वाडीतल्या बायकांनी बोटं मोडली ती याच कामाला. ती बाई खोटी वाटली असती तर कुणी मोडली नसती.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी ललिता पवार पुण्यात गेल्या. आपली बारावी तेव्हा तोंडावर होती, कुडाळला आणि सावंतवाडीला क्लासला जाणारी एसटी पकडण्याच्या धावपळीत होतो आपण सगळे. आता मी त्याच पुण्यात राहते. रविवारी दुपारी घरी कुणी नसलं की कधीतरी 'प्रोफेसर' लावते आणि त्यातला सीतादेवीचा भाग तेवढा बघते.