चेऊलकर घराण्याचा माग

सातपूर येथे कारखान्यांतील कामानिमित्त नाना गावांची माणसे येऊन राहिली आहेत. गाव सुटले, तरी पुष्कळांच्या आडनावांत ते अद्याप वसत आहे. अशा एका आडनावावरून केवढा इतिहास हाती लागतो, हे चित्रपटनट डेविड यांच्या चरित्रावरून वाचकांस दिसून येईल.

पडद्यावर त्यांचे नाव केवळ डेविड असे येत असे. 'बूट पॉलिश' (१९५४) या चित्रपटात अनाथ मुलांस भीक सोडून कष्ट करावयास शिकविणाऱ्या जॉन चाचाचे काम त्यांनी केले. यावरून ते ख्रिस्ती असावेत असा कोणाचाही समज व्हावा. परंतु त्यांचे पूर्ण नाव डेविड अब्राहाम चेऊलकर. ते कोकणातील मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल, म्हणजे यहूदी, समाजाचे होत. चेऊल हे अलिबागेजवळील प्राचीन बंदर. त्यावरून हे आडनाव पडले.

या समाजाची परंपरा अशी की, फार पूर्वी नवगावजवळ एक गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले. त्यांच्या वंशजांनी घाणा चालवून तेल काढण्याचा धंदा धरिला. ते शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनिवार तेली म्हणू लागले. इब्री भाषा ते विसरले. तथापि सुंता, शब्बाथ व शेमा ही प्रार्थना त्यांनी सोडिली नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या रक्तवंशाच्या शास्त्रीय अभ्यासातही त्यांच्यात यहूदी व भारतीय अशा दोन्ही वंशांचा अंश आढळला.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मिशनच्या शाळांतून व स्कॉटलंडचे डॉ. जॉन विल्सन यांच्या परिश्रमाने त्यांस शिक्षण व इब्री भाषेचे ज्ञान मिळाले. त्यांतील फारच थोडे ख्रिस्ती झाले. बहुतेकांनी त्या विद्येच्या साहाय्याने आपल्या पूर्वजांचाच धर्म अधिक जाणून घेतला. ही गोष्ट आम्ही प्रांजळपणे नमूद करितो.

डेविड यांचा जन्म १९०९ साली झाला. मुंबई विश्वविद्यालयाची पदवी घेऊनही कित्येक वर्षे त्यांस नोकरी मिळाली नाही. १९३७ च्या सुमारास ते चित्रपटांत शिरले, आणि ठेंगणी मूर्ती व प्रेमळ मुद्रा यांमुळे लोकप्रिय झाले. १९६९ साली त्यांस पद्मश्री मिळाली. ते अविवाहित राहिले, व आयुष्याच्या अखेरीस कॅनडात जाऊन तेथेच निवर्तले. चेऊल किती दूर राहिले! परंतु नावातून ते गेले नाही.

आमच्या मंडळ्यांतही दावीद व अब्राहाम पुष्कळ आहेत. परंतु आपले पूर्वज कोणत्या गावचे व काय धंदा करीत, हे सांगण्यास कित्येक जण लाजतात. तेल्याचा घाणा चालविणाऱ्यांनी ती लाज धरिली असती, तर त्यांचा माग कोणास लागता? यास्तव घरातील वृद्ध हयात आहेत तोवर त्यांस पूर्वजांची नावे, गावे व धंदे विचारून लिहून ठेवावे, अशी वाचकांस आमची विनंती आहे.