पी. आर. पिशारोटी

पिशारोथ रामा पिशारोटी (१० फेब्रुवारी १९०९ – २४ सप्टेंबर २००२) हे भारतीय हवामानशास्त्रज्ञ होते. भारतातील सुदूर संवेदनाचे जनक म्हणून ते ओळखले जातात. वस्तूला स्पर्श न करता, तिच्याकडून येणाऱ्या प्रारणावरून तिची माहिती मिळवण्याच्या शास्त्राला सुदूर संवेदन म्हणतात. वणवे आणि त्यांचा दूरवर पसरणारा धूर उपग्रह-प्रतिमांवरून हेरण्याची आजची पद्धत याच शास्त्रावर उभी आहे.

जीवन

पिशारोटी यांचा जन्म केरळमधील कोल्लेनगोड येथे झाला. मद्रासच्या लोयोला महाविद्यालयात ते भौतिकशास्त्राचे अध्यापक होते. त्या काळात सुट्ट्यांमध्ये ते बंगळूर येथे सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करीत. १९४२ मध्ये ते भारतीय हवामान खात्यात दाखल झाले. पुढे अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात याकोब ब्यर्कनेस यांच्याकडे अध्ययन करून त्यांनी १९५४ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

महाराष्ट्राशी त्यांचा संबंध दीर्घकाळ राहिला. कुलाबा व अलिबाग येथील वेधशाळांचे ते संचालक होते. १९६२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक झाले.

मोसमी पावसाचे संशोधन

विजयदुर्ग, जामसंडे, मालवण या कोकणपट्टीवर कोसळणाऱ्या पावसाचे बाष्प येते कोठून, हा हवामानशास्त्रातील जुना प्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतील निरीक्षणांच्या आधारे पिशारोटी यांनी विषुववृत्त ओलांडून येणारे बाष्प आणि भारताचा पश्चिम किनारा ओलांडणारे बाष्प यांची तुलना केली. किनाऱ्यावरचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळल्याने अरबी समुद्रातील बाष्पीभवन हाच मुख्य स्रोत आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढील संशोधकांनी अधिक निरीक्षणे वापरून दक्षिण गोलार्धातून येणाऱ्या बाष्पाचा वाटा मोठा असल्याचे दाखवले व हा निष्कर्ष वादाचा ठरला. तथापि, बाष्पाचा हिशेब मांडून प्रश्न सोडवण्याची दिशा त्यातून रूढ झाली.

सुदूर संवेदन

हवामान खात्यातील सेवेनंतर १९६७ मध्ये पिशारोटी अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेले. १९७० मध्ये त्यांच्या पुढाकाराने केरळातील नारळबागांचे हेलिकॉप्टरमधून अवरक्त छायाचित्रण करण्यात आले. निरोगी पाने निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात आणि या विशिष्ट फिल्मवर तांबडी उमटतात. मूळकूज रोगाने ग्रासलेल्या माडांचा हा रंग फिका पडतो. रोगाची लक्षणे डोळ्यांना ठळक दिसण्यापूर्वीच बाधित झाड ओळखण्याची शक्यता या प्रयोगाने दाखवली. भारतातील सुदूर संवेदनाचा आरंभ या प्रयोगापासून मानला जातो. १९७२ ते १९७५ या काळात अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रात सुदूर संवेदन व उपग्रह हवामानशास्त्र यांची धुरा त्यांच्याकडे होती.

वारसा

पिशारोटी यांचे संशोधन धुरावर नव्हते. मात्र धूर हेरण्याची रीत त्यांनी रुजवलेल्या तत्त्वांवरच चालते. आगीच्या तप्त जागेतून सुमारे ४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त प्रारण भोवतालच्या जमिनीपेक्षा कितीतरी अधिक बाहेर पडते. त्यावरून आगीचे ठिकाण कळते. धूर दृश्य प्रकाशात करड्या पट्ट्यासारखा दिसतो. परंतु त्याचे कण सूक्ष्म असल्याने दीर्घ तरंगलांबीच्या अवरक्त प्रतिमेत तो जवळजवळ पारदर्शक ठरतो. दाट ढग तसा ठरत नाही, त्यामुळे दोहोंतील फरक कळतो. २०१३ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-३डी सारख्या भूस्थिर उपग्रहाच्या क्रमवार प्रतिमांवरून धुराची वाटचाल पाहता येते. तो जमिनीपासून किती उंचीवर आहे, हे मात्र अशा चित्रावरून निश्चित होत नाही. त्यासाठी वाऱ्याच्या नोंदी व जमिनीवरील मापने जोडावी लागतात.

पंजाब व हरियाणातील शेतांत पिकांचे खुंट जाळल्याने होणारा धूर दरवर्षी दिल्लीपर्यंत पोहोचतो. त्याचा पूर्वअंदाज देण्यासाठी २०१८ मध्ये सुरू झालेली यंत्रणा पिशारोटी यांनी घडवलेल्या पुण्याच्या संस्थेनेच विकसित केली असून तीत उपग्रहांनी टिपलेल्या आगींची माहिती वापरली जाते.

सन्मान

भारत सरकारने १९७० मध्ये त्यांना पद्मश्री प्रदान केली. १९८९ मध्ये जागतिक हवामान संघटनेचा आंतरराष्ट्रीय हवामानशास्त्र पुरस्कार त्यांना मिळाला. वयाच्या ९३व्या वर्षी पुणे येथे त्यांचे निधन झाले.